एका डिस्कवर दोन बिऱ्हाडं

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा. नवं गाव, नवी नोकरी, आणि राहायला लॅबच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्याही फुकट. इतकं सगळं आपल्या नशिबात एकाच दिवशी आलं म्हणजे कुठेतरी गोम असणार, असं ही फोनवर म्हणाली. तिला म्हटलं, भावाच्या घरी राहून राहून तुला सुख ओळखू येईनासं झालंय. ही वही तिनंच दिली आहे. मी चिडलो की समोरच्याच्या तोंडावर बोलतो आणि मग नोकऱ्या जातात, तर जे काय बोलायचं ते वहीत बोलावं, असा तिचा हुकूम आहे. तेव्हा बोलतो.

खोल्या छान आहेत. खिडकीतून रस्ता दिसतो, समोर चष्म्यांचं दुकान, त्याच्या शेजारी किल्ल्या करून देणारा. मोरीच्या जाळीत मात्र आधीच्या कोणाचे तरी पांढरे केस अडकले होते. ते काढताना दोनदा उमासा आला. मला किळस फार लवकर येते. आई म्हणायची, हा राजाच्या घरी जायचा, पत्ता चुकून आपल्याकडे आला. चहावर साय धरली तरी मी कप सरकवून देतो. असा माणूस दातांच्या लॅबमध्ये नोकरीला लागला, हे ऐकून मेहुणा पोट धरून हसला. पण माझं काम दातांचं नाही, कॉम्प्युटरचं आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, इथे तर सगळ्यांचंच भरतंय.

डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाची मापं पाठवतात, आणि इथे कॅप, कवळ्या तयार होतात. मालकीण म्हातारी आहे, सगळे तिला काकू म्हणतात. लॅब तिच्या नवऱ्यानं काढलेली. त्याला सगळे वस्ताद म्हणायचे, तो गेल्या वर्षी वारला. प्लास्टरचं काम करणारा एक जण आहे, रंगानं काळा, पण दिवसभर प्लास्टरमध्ये माखलेला असतो म्हणून त्याला गोरा म्हणतात. पॉलिशला दोन बायका आहेत, त्या कानात कापूस घालून बसतात आणि कोणाशी बोलत नाहीत. एवढीच माणसं.

चिंगीशी बोललो. समोरचा दात हलायला लागलाय, आणि मामाला हात लावू देत नाही. बाबाच काढणार, असं जाहीर करून बसली आहे. म्हटलं, महिनाअखेरीला तुम्ही दोघी इकडे या, तोवर धीर धर. तिनं दाताला धीर धरायला सांगते असं सांगितलं.

४ तारीख, मंगळवार

आज काम समजून घेतलं. मागच्या खोलीत एक मशीन आहे, साधारण लहान फ्रिजएवढं. ते पांढऱ्या ठोकळ्यातून दात कोरून काढतं, आणि कुठे किती कोरायचं ते त्याला कॉम्प्युटर सांगतो. कॉम्प्युटर जुना, त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम त्याहून जुनी, आणि मशीन फक्त तिचंच ऐकतं. आता डॉक्टर लोक मापं एका नव्या प्रोग्रॅमवर पाठवायला लागलेत, आणि तो जुन्या सिस्टीमवर चालत नाही. दुसरा कॉम्प्युटर आणला तर मशीन त्याला ओळखत नाही. जुनी सिस्टीम पुसून नवी टाकू म्हटलं, तर काकू खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. तिच्यात वस्तादांचे दात आहेत, त्यांना हात लावायचा नाही, असं म्हणाल्या. म्हणजे वस्तादांनी जन्मभर हातानं घडवलेल्या दातांचे आकार. ते सगळे स्कॅन करून त्यात भरलेत.

मग एकच वाट राहते. एकाच डिस्कचे दोन भाग करायचे, एकात जुनी सिस्टीम राहील, दुसऱ्यात नवी येईल. काकूंना ते कळेना. त्यांना सांगितलं, एका घरात दोन बिऱ्हाडं, पण चूल एकच. एक रांधत असेल तेव्हा दुसऱ्यानं झोपायचं, आणि एकानं काय शिजवलं ते दुसऱ्याला कळत नाही. काकूंनी विचारलं की झोपलेल्याला काही होत नाही ना. म्हटलं, काही नाही, मधे वेळ गेला हेसुद्धा त्याला कळत नाही. ते त्यांना फार आवडलं. दोनदा सांगायला लावलं.

बसायला मला वस्तादांची खुर्ची दिली आहे. डोकं टेकायच्या जागी केसांच्या तेलाचा काळपट, चिकट डाग. त्यावर वर्तमानपत्र लावलं. शेजारी एक लाकडी कपाट, त्याचा वरचा खण गोऱ्यानं मोठ्या कौतुकानं ओढून दाखवला. आत खरे दात. माणसांचे, उपटलेले, पिवळे, किडके, मुळांवर काहीतरी तपकिरी वाळलेलं. आकार शिकायला वस्तादांनी डॉक्टरांकडून गोळा केलेले. एकेक जातीचा वेगळा कप्पा. एक बारीक ओळ रिकामी होती. ती दुधाच्या दातांची, असं गोरा म्हणाला. लोक पोरांचे पडलेले दात आणून द्यायचे, पण वस्ताद ते फेकून द्यायचे. दुधाचा दात पडायच्या आधी त्याचं मूळ विरघळून जातं, आणि वस्तादांना मुळासकट हवा होता. कुठले आईबाप असा देणार, म्हणून ती ओळ तशीच राहिली.

मी खण बंद केला आणि हात साबणानं धुतले. तोवर गोऱ्यानं पुढचं सांगितलं. वस्ताद प्रत्येक दात बाहेर पाठवायच्या आधी स्वतःच्या तोंडात टाकून बघायचे. डोळ्याला न दिसणारी कड जिभेला लागते, जीभ खोटं बोलत नाही लेकरा, असं म्हणायचे. म्हणजे ह्या गावात जितक्या लोकांच्या तोंडात ह्या लॅबचे दात आहेत, ते सगळे आधी ह्या म्हाताऱ्याच्या तोंडातून आलेले. दुपारचं जेवण गेलं नाही.

६ तारीख, गुरुवार

झालं काम. डिस्कचे बरोबर निम्मेनिम्मे दोन भाग केले. सख्ख्या भावांची वाटणी करताना इतकी समान कोणी करत नाही. नवी सिस्टीम नव्या भागात चढली, जुनीला खरचटलंसुद्धा नाही. आता कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात आणि तो विचारतो, आज कोण? थोडा वेळ वाट बघतो. कोणी काही निवडलं नाही, तर पहिल्या नावाची सिस्टीम आपोआप सुरू होते.

पहिलं नाव नवीचं ठेवणार होतो. दिवसभर तीच लागणार. पण काकू अडून बसल्या. घरातलं मोठं माणूस आधी, असं त्यांचं म्हणणं. म्हातारीशी कशाला वाद घाला, म्हणून पहिलं नाव जुनीचं ठेवलं.

मग मशीन चालवून बघायचं होतं. काहीतरी कोरायला हवं, तर काकूंनी वस्तादांच्या यादीतली पहिलीच दाढ लावायला सांगितली. मशीननं फवारे उडवत ती कोरली. हातात घेतली तर गुळगुळीत, मधे खोलगट, एका बाजूला झिजलेली. ही कोणाची म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, त्यांचीच. सगळ्यात आधी त्यांनी स्वतःची दाढ स्कॅन केली होती.

आणि मग सगळे माझ्याकडे बघत उभे राहिले. पॉलिशवाल्या दोघीसुद्धा कानातला कापूस काढून आल्या. कोणीतरी तोंडात टाकून बघायला हवी, आणि ज्यानं कोरली त्यानंच बघायची अशी लॅबची पद्धत आहे म्हणे. मी स्पष्ट नाही म्हणालो. काकूंनी फक्त विचारलं की बायको-मुलगी कधी येणार, खोल्यांना रंग द्यायचाय. ह्याला म्हणतात हातात न घेता काठी दाखवणं. चिंगीचं तोंड डोळ्यांसमोर आणलं, डोळे मिटले आणि टाकली तोंडात.

गार होती. मातीसारखी चव. मी फक्त दाताखाली धरणार होतो, पण जीभ आपणहून तिच्यावरून फिरली, सगळ्या बाजूंनी, सावकाश. मग मी मोरीकडे धावलो. सगळं बाहेर काढलं, मीठपाण्यानं गुळण्या केल्या, तरी ती चव गेली नाही. बाहेर काकू गोऱ्याला सांगत होत्या की आता लॅब पुन्हा लागेल मार्गाला.

१० तारीख, सोमवार

काम बरं चाललंय. दोन बारीक कटकटी आहेत. एक घड्याळाची. दोन सिस्टीम एका मशीनवर असल्या की हे दुखणं ठरलेलंच. दोघींची वेळ वाचायची रीत वेगळी, त्यामुळे एकीतून दुसरीत गेलं की घड्याळ काही तासांनी पुढेमागे होतं. फाइलींवर भलत्याच वेळा पडतात. सवडीनं दुरुस्त करीन.

दुसरी कटकट जुनी सिस्टीम. तिला बंद हो म्हटलं तरी ती पूर्ण बंद होत नाही, नुसती झोपते. तिचा भाग कुलूप लावल्यासारखा राहतो. नवीतून आत डोकावता येतं, पण बदल काही करता येत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ही खोड मोडली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुनी माणसं आणि जुन्या सिस्टीम, दोघांनाही निवृत्ती मान्य नसते.

दुपारची इथे एक पद्धत आहे. जेवणं झाली की काकू शटर अर्धं खाली ओढतात आणि सगळ्यांनी थोडा वेळ डोळे मिटायचे. मला दुपारी झोपायची सवय नाही, पण त्या कळकट खुर्चीत टेकलो की अशी झोप लागते की विचारू नका. उठल्यावर तोंड शिळं झालेलं असतं, ब्रश करावा लागतो. परवा उठलो तर कॉम्प्युटर जुन्या सिस्टीमवर होता. मी तर नवीवर सोडला होता. वीज जाऊन आली असेल, कोणी काही निवडलं नसेल, मग पहिली सुरू झाली असेल. म्हणूनच पहिलं नाव नवीचं हवं होतं, पण माझं ऐकतो कोण.

१२ तारीख, बुधवार

मशीनच्या ट्रेमध्ये दात मिळतायत. ज्यांची कोणी ऑर्डर दिलेली नाही असे. आज दुपारनंतर तीन होते. काल एक होता, तेव्हा वाटलं की गोऱ्यानं काहीतरी करून बघितलं असेल. गोऱ्याला कॉम्प्युटर सुरूही करता येत नाही. जुन्या सिस्टीममध्ये त्यांच्या फाइली आहेत, वेळा संध्याकाळच्या पडल्यात. घड्याळाची चूक धरून हिशेब केला, तर सगळ्या दुपारच्या झोपेतल्या.

दात अप्रतिम आहेत, ते मलासुद्धा कळतं. पण उचलले तर ओले. मशीनचं पाणी असेल म्हणून रुमालानं पुसले. पाणी नव्हतं. ताणलं गेलं, तार धरली. शी. रुमाल कचऱ्यात टाकला. मग कचऱ्याची बादलीच बाहेर नेऊन ठेवली.

काकूंना सांगितलं तर त्यांनी ते तिन्ही दात पदरात घेतले आणि म्हणाल्या की ह्याच मापांची कामं संध्याकाळपर्यंत येतील. आली. डॉक्टरचा माणूस एरवी सकाळी येतो, तो आज संध्याकाळी पुन्हा आला आणि नेमकी हीच तीन मापं देऊन गेला. कशी आली ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

१३ तारीख, गुरुवार

आज जागा राहायचं ठरवलं होतं. जेवलोच नाही, उभाच राहिलो. खुर्चीच्या पाठीला हात टेकला होता एवढं आठवतं.

जाग आली ती तोंडात काहीतरी खडबडीत लागलं म्हणून. आधी वाटलं आपलाच दात पडला. थुंकलो. तळहातावर एक दाढ. कोरलेली नाही, खरी. खणातली. भोक पडलेली, मुळाशी तपकिरी कीट, आणि ते कीट माझ्या थुंकीनं मऊ झालेलं. अर्धं माझ्या जिभेवर. कोणा मेलेल्याची दाढ मी चोखत होतो. किती वेळ चोखत होतो, काय माहीत. एवढी ओकारी आली की नाकातून बाहेर आलं, पोटात काही नसतानाही येत राहिलं.

हिला फोन केला. तिला दाढेचं सांगितलं नाही, सांगण्यासारखं आहे का ते? मला इथे करमत नाही एवढंच म्हणालो. ती म्हणाली, ह्याही नोकरीत भांडण झालं का. तिचंही खरं आहे. भावजयीनं आता तिला वेगळा गॅस आणायला सांगितलाय. थोडे दिवस सोसतो.

१७ तारीख, सोमवार

दोन दिवस दुपारी वर खोलीत जाऊन आतून कडी लावून झोपलो. दोन्ही दिवशी उठलो ते खाली, खुर्चीत. डोक्याशी लावलेलं वर्तमानपत्र काढून टाकलेलं. माझे केस त्या तेलाच्या डागाला चिकटलेले.

गोऱ्याला एका बाजूला घेऊन विचारलं की मी झोपेत चालतो का. त्याला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, तुम्ही दुपारी झोपता कुठे? पाणी प्यायला उठतो तेव्हा रोज बघतो, तुम्ही मशीनशी बसलेले असता. छान हात बसलाय तुमचा. वस्तादही दुपारीच काम करायचे, सगळे झोपले की. मग त्यानं मायेनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं की दात तोंडात टाकताना तुम्ही डावा डोळा बारीक करता ना, तेही अगदी त्यांच्यासारखंच.

माझ्या नखांत मेण होतं, कवळ्यांचे साचे करतात ते. गुलाबी. मी मेणाला कधी हात लावलेला नाही.

१८ तारीख, मंगळवार

घड्याळ दुरुस्त केलं. दोन्हीकडे एकच वेळ. फाइली दुपारच्याच. चूक घड्याळाची नव्हती.

पहिलं नाव बदलून नवीचं केलं. दुपारनंतर बघितलं, पुन्हा जुनीचं. मीच केलं असणार. माझ्याच हातांनी. माझ्याच पासवर्डनं.

एक घर, दोन बिऱ्हाडं. मी झोपलो की कोणी निवडत नाही. मग पहिला सुरू होतो. आणि झोपलेल्याला वेळ गेला हेसुद्धा कळत नाही. मीच सांगितलं होतं काकूंना, मोठा शहाणा. उचलली जीभ लावली टाळ्याला.

काकू चहा घेऊन आल्या. रोज मला अरे-तुरे करतात. आज कप ठेवला आणि म्हणाल्या, अहो, निवतोय.

मी वर बघितलं. त्या लाजल्या. त्या म्हाताऱ्या तोंडावरची ती लाज बघून मी कप तसाच सरकवून दिला.

२० तारीख, गुरुवार

आज चहा प्यायलो. कप रिकामा झाल्यावर लक्षात आलं की वर साय होती. जाड. मी ती चावून खाल्ली. किळस आली नाही.

काहीच आलं नाही. मोरीत वाकून उभा राहिलो, बोटं घातली घशात — काही नाही. इतकी वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली ती किळस, ती एकटीच माझी स्वतःची होती — ती जाते आहे.

खण उघडून बघितला. सगळे कप्पे पुसलेले. दुधाच्या दातांची ओळ रिकामीच आहे, पण तिच्यात नवा कापूस घातलाय. स्वच्छ, पांढरा. पातळ करून, नीट बसवून. कापसावर माझ्या बोटाचा ठसा.

ह्या माणसाला काय हवंय ते मला —

नाही. लिहीत नाही.

२१ तारीख, शुक्रवार

हिला फोन केला. येऊ नका. काहीही झालं तरी चिंगीला इथे आणू नकोस. भावाच्या दारात झोपावं लागलं तरी चालेल.

ती चिडली. म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का, काल दुपारी तुम्हीच फोन केलात. रविवारीच या म्हणालात, महिनाअखेर कशाला. चिंगीशी केवढं गोड बोललात. तोंडात फोनचा दिवा पाडायला लावून फोटो मागितलात दातांचा. सगळ्या दातांचा.

मी फोन केला नाही. केला — मीच केला असेल — पण मी नाही.

तिकिटं काढली म्हणते. भावजयीला सांगून झालंय. हे सांगताना ती रडत होती. इतक्या महिन्यांनी आपलं घर होतंय आणि तुम्ही असे. मी जास्तच ओरडलो. तिनं फोन ठेवला. आता उचलत नाही.

२२ तारीख, शनिवार

पळून जाऊ म्हटलं. पिशवी भरली. जिन्यात बसलो. कुठे पळू — मी जाईन तिथे तोही — त्यांच्याकडेच गेलो तर? झोप लागली की तो तिथे. चिंगीच्या शेजारी.

आधी त्याचं घर मोडायला हवं. डिस्कवरून. पुसून टाकायचा तो भाग, सगळे दात, सगळी यादी. मुळापासून.

झोपायचं नाही. चिमटे काढतोय. दातांनी ओठ —

ओठाला जीभ लागली. रक्ताची चव. बरी वाटली.

२३ तारीख, रविवार

अजून जागा. त्या दोघी निघाल्यात. दुपारी पोचतील.

लॅब बंद आहे, मी आत. पुसायचा प्रोग्रॅम सुरू केलाय. समोर दोन भाग. नावं नाहीत, नुसते आकडे. एक, दोन. दोन्ही सारखेच — मीच केले सारखे — निम्मेनिम्मे, केवढा अभिमान —

कोणता त्याचा? पहिला. पहिलं नाव त्याचं होतं. पण भाग करताना मी नवा आधी — का नंतर —

काकू दार वाजवतायत. अहो म्हणून हाक मारतायत.

खात्री आहे का, विचारतोय. डोळे मिटतायत. आहे. खात्री आहे. एक की दो —

२३ तारीख, रविवार, दुपार

छान ऊन पडलं आहे. बऱ्याच दिवसांनी हात हलके वाटले. कॉम्प्युटर सुरू केला, आता काही विचारत नाही, सरळ सुरू होतो. दात सगळे जागच्या जागी आहेत. हिनं चहा आणला, वर जाड साय होती, गोड लागली. शटर हिनंच अर्धं खाली ओढलं.

थोड्या वेळापूर्वी एक बाई आल्या, सोबत लहान मुलगी. बाई दमल्या होत्या. हिनं काकू म्हणून स्वतःची ओळख करून दिली आणि रंग दिलेल्या खोल्या दाखवायला त्यांना वर नेलं. मुलगी माझ्याकडेच राहिली. मला बाबा म्हणते. म्हणू दे. धीट लेकरू आहे, सांगितल्याबरोबर खुर्चीत बसलं. हलणारा दात बोटानंच निघाला, तिच्या हातात दिला, तिला फार आनंद झाला. मूळ विरघळून गेलेलं, त्याचा आपल्याला उपयोग नाही. शेजारचा बोटानं दाबून बघितला. घट्ट आहे. मूळ शाबूत आहे. म्हटलं, लेकरा, अजून जरा मोठा आ कर, आणि आता अजिबात हलू —